नवव्या प्रश्नावरची खूण

हे माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेलं नाही — सख्ख्या भावापाशीही नाही. तुम्हालाच का सांगतोय? कोण जाणे.

मी डॉक्टर. कार्डिफमध्ये सव्वीस वर्षं झाली. डिप्रेशन मोजायचा तो नऊ प्रश्नांचा फॉर्म काळ्या-गोऱ्यांना, कौन्सिलच्या स्वस्त भाड्याच्या फ्लॅटमधल्यांना आणि मोठ्या घरांतल्यांना सारखाच लागू पडतो का — हा माझा जिव्हाळ्याचा विषय. नव्या डॉक्टरांना मीच शिकवतो, की फॉर्मच्या नुसत्या आकड्यावर जाऊ नका, माणसाला विचारा. यात चूक काहीच नाही. चूक वेगळीच आहे.

मी बायकोला मारायचो. मीनलला. नुसती थप्पड नाही — केस धरून फ्रीजवर डोकं आपटायचो. आमटीत मीठ जास्त, बहिणीशी फोनवर फार वेळ — कारण कुठलंही चालायचं. मारून झालं की मला बरं वाटायचं, हेही लिहून टाकतो. आणि दुसऱ्या दिवशी पेशंटशी मी किती मऊ आवाजात बोलायचो.

एकदा तिने स्वतःच जीपीची, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरची, अपॉइंटमेंट घेतली. मी सोबत गेलो. सोबत — की पहाऱ्याला? जीपी होती सियन, तरुण वेल्श मुलगी, माझ्याच हाताखाली शिकलेली. मीनलने भरलेला फॉर्म टेबलावर होता. मरून गेलेलं बरं असं वाटतं का, या नवव्या प्रश्नापुढे तिने 'जवळजवळ रोज'वर खूण केली होती. सियन तिला काही विचारणार, तोच मी हसलो. म्हणालो, "अगं, आमच्याकडे बायका दूध उतू गेलं तरी 'मरण आलं तर सुटेन' म्हणतात. हा फॉर्म आमच्या लोकांचा आकडा फुगवतो. शिकवलंय ना तुला?"

सियनने मान डोलावली. मीनल खाली बघत राहिली. तिच्या कानामागे खपली होती, केसांखाली झाकलेली.

घरी येऊन दार लावलं आणि तिला लाथ घातली.

"अहो, मी खोटं कुठे लिहिलं?" एवढंच ती म्हणाली.

मी पुन्हा मारलं. खोटं नव्हतं — म्हणूनच.

अकराव्या दिवशी मीनलने जीव दिला.

अंगावरचे डाग जिन्यावरून पडल्याचे, असं मी चौकशीत सांगितलं. सियनने मात्र सगळं स्वतःवर घेतलं. आकडा समोर होता, मीच वाचायला चुकले, म्हणाली. माझं नाव काढलं नाही — बायको गेलेल्या माणसाला आणखी त्रास कशाला, म्हणून. मी समोरच बसलो होतो. तोंड उघडायला किती वेळ लागतो? नाही उघडलं.

बाहेर आल्यावर ती माझ्यापाशी येऊन रडायला लागली. मी म्हटलं, स्वतःला दोष देऊ नकोस. तिने माझे दोन्ही हात धरले आणि थँक्यू म्हणाली. मी हात सोडवून घेतले नाहीत.

ती आता डॉक्टरकी करत नाही. मी करतो.