अठरा मुलांचा खाऊ

लेकीच्या शाळेत दर शुक्रवारी एका मुलाच्या घरून सगळ्या वर्गासाठी खाऊ यायचा. २००४ च्या सुमाराची गोष्ट. आम्ही तेव्हा अमेरिकेत, टेक्ससमधल्या अर्विंगला राहायचो, नवऱ्याच्या व्हिसावर. लेक पाच वर्षांची, किंडरगार्टनला. बाकीच्या आया चीजची बिस्किटं नाहीतर सफरचंदाच्या फोडींची पाकिटं पाठवायच्या. ते बघून मी नाक मुरडायची. पाकीट फोडलं की झाली आई! आपली पाळी येऊ दे, मग दाखवतेच एकेकीला, असं मी ठरवूनच ठेवलं होतं.

नियम दोनच. खाऊ पौष्टिक हवा, आणि त्यात नट्स नकोत. वर्गातल्या एका मुलीला शेंगदाण्याची भयंकर ॲलर्जी होती. घसा सुजून श्वासच बंद होऊ शकतो, असं टीचरने पहिल्याच दिवशी सगळ्या आयांना बसवून सांगितलं होतं. तिचं इंजेक्शन वर्गाच्या दाराशी लाल पिशवीत टांगलेलं असायचं. ती नेमकी माझ्या लेकीची जिवाभावाची मैत्रीण, दोघी शेजारीशेजारी बसायच्या. सोनेरी केस, पुढचे दोन दात पडलेले. लेक म्हणते म्हणून मला तीही 'आई' म्हणायची. मी लेकीच्या डब्यातून काजू-बदाम, चिक्की, पीनट बटर, सगळं त्याच दिवशी बंद केलं. मी काही निष्काळजी बाई नाही हो.

आमची पाळी आली तेव्हा मी साबुदाण्याचे वडे करायचे ठरवले. मैदा नाही, अंडं नाही, आणि तळायचेही नाहीत. आप्पेपात्रात थेंबथेंब तेलावर खरपूस करायचे. पहाटे उठून वर्गातल्या अठरा मुलांसाठी चाळीस वडे केले. सोबत कशाकशाचे केलेत त्याची चिठ्ठी लागायची. मी सुवाच्य अक्षरात लिहिलं: टॅपिओका, बटाटा, जिरं, कोथिंबीर, मीठ, साखर, लिंबू. ऑफिसला जाता जाता नवरा लेकीला आणि डब्याला शाळेत सोडून गेला. गाडी एकच, ती गेली.

मग मी आमच्या स्वयंपाकाला लागले. काकडीच्या कोशिंबिरीसाठी दाण्याच्या कुटाचा डबा उघडला तर तळाशी चमचाभरच. दाणे भाजले, मिक्सरमधून काढले, दोन्ही हातांनी डब्यात भरायला लागले. आणि भरता भरता मनात आलं, रविवारीच तर डबा शिगोशीग भरला होता, एवढं कूट गेलं कुठे?

वड्यांत गेलं होतं. चांगल्या दोन वाट्या.

साबुदाण्यात कूट घालायचं हे काही कोणी आठवून घालत नाही. हात आपोआप डब्याकडे जातो. आमच्याकडे आमटीत कूट, भाजीत कूट, कोशिंबिरीत कूट. ते कसलं नट! चिठ्ठी लिहितानासुद्धा माझ्या डोक्यात आलं नाही. मूर्ख, मूर्ख बाई!

खाऊची सुट्टी सव्वादहाला. घड्याळात नऊ पन्नास झालेले. शाळेला फोन लावला तर यंत्र बोलायला लागलं, याच्यासाठी एक दाबा, त्याच्यासाठी दोन दाबा. दाबलं, तर वाजंत्री सुरू झाली. मी फोन तसाच टाकला, पायांत नवऱ्याच्या स्लिपर अडकवल्या आणि पळत सुटले. शाळा चालत वीस मिनिटांवर, पण तिकडे चालतं कोण! फूटपाथ अर्ध्यातच संपतो. टळटळीत ऊन, शेजारून भरधाव गाड्या, आणि मी गवतातून धावतेय. देवा, सुट्टी लवकर होऊ देऊ नकोस. माझं कार्टं तिला आग्रह करत असेल, माझ्या आईने केलेत, खा ना. मीच शिकवलं होतं ना, आधी मैत्रिणीला द्यावं!

शाळेच्या ऑफिसातल्या बाईने सहीचं रजिस्टर पुढे केलं. मला धाप लागलेली, इंग्रजी कुठच्या कुठे पळालेलं. "पीनट," एवढंच म्हटलं. "इन स्नॅक. पीनट!" ती खुर्ची ढकलून धावलीच. मी तिच्या मागे.

वर्गात टीचर एका टोकापासून वाढत येत होती. बाई दारातूनच ओरडली. टीचर जागच्या जागी थबकली. ती छोटी मैत्रीण शेवटच्या टेबलाशी होती आणि तिच्यापुढचा नॅपकिन अजून कोराच होता. सगळ्यांना सुरू करा म्हणायचंही बाकी होतं. एकाही मुलाने वडा तोंडाला लावला नव्हता.

मला रडूच कोसळलं. मी तिच्यापुढे गुडघ्यांवर बसले, तिच्या गालांवरून दोन्ही हात फिरवले आणि माझ्या कानशिलांशी कडाकडा बोटं मोडली. लेकराची इडापिडा आपल्याकडे अशीच काढतात. "वाचलीस गं बाय माझी!" म्हटलं. ती खुदकन हसली.

दोनच मिनिटांत ती गाल खाजवायला लागली. गालांवर लाल गांधी उठत होत्या, माझ्या एकेका बोटाची वेगळी. कुटाने माखलेले हात मी तसेच घेऊन आले होते.

टीचरने तिला उचलून साबणाने तिचं तोंड धुतलं. नर्स औषध घेऊन आली, लाल पिशवी उघडून हाताशी ठेवली. मग सगळे नुसते तिच्या श्वासाकडे बघत राहिले. मी भिंतीला टेकून उभी होते, मेल्याहून मेल्यासारखी. हळूहळू गांधी बसल्या. श्वास नीट राहिला. तेवढ्यात तिची आई पोचली. मी तिला वडे, चिठ्ठी, हात, सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. तिने लेकीला कडेवर घेतलं. "थँक यू फॉर टेलिंग मी," म्हणाली. मग एक पाऊल मागे सरकली. "नाउ प्लीज, वॉश युवर हँड्स."

एवढ्या गोंधळात ते कोणाला सुचलंच नव्हतं, मलाही नाही. मुलांचं बेसिन माझ्या मांडीइतकं उंच. मी वाकून हात चोळत होते आणि लेक शेजारी उभी राहून साबणाची बाटली दाबत होती. तिचा चेहरा एवढासा झालेला. सवयीने मी ओला हात तिच्या डोक्यावरून फिरवायला गेले. ती मागे सरकली.

"नो आई," ती म्हणाली. "नखांत अजून आहे. शी सिट्स नेक्स्ट टू मी."