हेमलताने घातलेला नियम

हेमलता नांदेडहून पुण्याजवळच्या मारुंजीत आली ती इंजिनिअरिंगची पदवी घेऊन, पण काम मिळालं काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं उमटवणाऱ्या जुन्या मशीनवर. पाण्याच्या मोटारी विकणाऱ्या तिच्या कंपनीचा सगळा हिशोब त्यावरच चाले. मैत्रिणी नव्या तंत्रज्ञानाबद्दल बोलत, तेव्हा हिचा जीव कासावीस होई. अर्धा चहा तसाच टाकून ती नोकरीच्या जाहिराती चाळत बसे.

साहेब निरंजन म्हणाले, "हे मशीन आता काढूनच टाकू."

"सर, यात पूर्ण डेटाबेस आहे," त्याचं मॅन्युअल वाचून काढलेली हेमलता म्हणाली. " आपण त्याचं नुसतं फायलींचं कपाट करून ठेवलंय."

मग तिने ग्राहकांच्या आणि बिलांच्या जुन्या फायलींची तक्त्यांसारखी टेबलं केली, ती एकमेकांशी जोडली आणि डेटाबेसमध्येच नियम घातला: ग्राहकाची नोंद नसेल तर बिल होणार नाही. आजवर ही तपासणी एखाद्या प्रोग्रॅममध्ये असे, एखाद्यात नसे.

दुसऱ्याच सकाळी कंपनीच्या भुकूमच्या गोदामातून, तिथे बिलं करणाऱ्या कुशाबांचा फोन आला. "म्याडम, टेम्पो हितंच उभा हाय. बिल निघंना."

तिने घाईघाईने नियम काढला, टेम्पो सुटला आणि ती स्वतः गोदामात गेली.

"नोंद का नाही केली, काका?"

"सोसायटीची मोटार जळली, लोकांना पानी न्हाई. तुमचा फॉर्म भरत बसलो तर दुपार व्हईल. आमी आदी माल देतो, नाव मागनं लिवतो. कदी राहतंबी."

टेम्पो अडकल्याचं कळून निरंजन संतापले. हेमलताला त्याच आठवड्यात हिंजवडीच्या एका कंपनीने नोकरीला बोलावलं होतं. जावं की राहावं, तिला ठरवता येईना. तोवर तिने नाव आणि फोन एवढंच मागणारा छोटा स्क्रीन बनवला. ग्राहकाची नोंदच नसलेल्या जुन्या, बेवारस बिलांचे ग्राहक कुशाबांनी आठवून आठवून सांगितले. काही सापडलेच नाहीत. ती बिलं तिने वेगळी काढली.

नियम पुन्हा लावला त्या दिवशी ती गोदामातच उभी होती. बिलं निघत राहिली. एकदा मशीनने अडवलं. कुशाबांनी नाव-फोन टाकला आणि तेही बिल निघालं.

"आता बरं चाललंय," ते म्हणाले.

निरंजननी मशीन काढायचा विषय बंद केला. हेमलताने हिंजवडीला नकार कळवला. आईने फोनवर विचारलं, "मग आता तरी शांत आहेस ना?"

"नाही गं," ती म्हणाली. "मालाच्या साठ्याची फाइल अजून तशीच आहे. उद्या ती उघडते."