प्रूफवरचं पिंपळपान

नागपुरातल्या लग्नपत्रिकांच्या छापखान्यांत जुन्या गोष्टी निघाल्या, की माझ्या एका विद्यार्थ्याच्या प्रोग्रामचा विषय निघतो. "चांगला होता, पण त्यात बग होता," म्हणजे दोष होता, असं सगळे म्हणतात. वीसेक वर्षं मी हे गप्प बसून ऐकलं. बग त्याच्या प्रोग्राममध्ये नव्हता, माझ्यात होता.

नागपूरच्या महाल भागात माझा टायपिंगचा क्लास होता. हा विद्यार्थी खापा गावाहून बसनं यायचा. पुढे मी मराठी टायपिंगचा प्रोग्राम बनवला आणि बहुतेक छापखान्यांनी तो घेतला. दोन वर्षांनी त्यानं पत्रिका सजवायचा प्रोग्राम आणला. एका छापखान्याचे मालक माझ्यासमोरच म्हणाले, "मास्तर, पोट्ट्यानं कमाल केली ना! तुमचा नुसता टाइप करते, हा तं पत्रिका नटवून देते." चहाही आधी त्याच्यापुढे ठेवला. तो कप मला अजून दिसतो.

दोघांचा फॉन्ट, म्हणजे अक्षरांची फाइल, एकच होता, फाइलचं नावही एकच. त्यानं मात्र त्या फॉन्टमध्ये वेली, कलश, बुद्धमूर्ती, पिंपळपान अशी चित्रं भरली होती. माझा प्रोग्राम टाकला, की त्याच्या फाइलवर माझी जुनी फाइल बसायची आणि चित्रांच्या जागी रिकामे चौकोन यायचे. हे मला आधी ठाऊक नव्हतं. त्यानंच शोधून काढलं. माझ्याकडे तक्रार न करता त्यानं आपल्या माहितीपत्रकात एवढंच छापलं : 'आधी सरांचा प्रोग्राम टाकावा, मग हा.'

लोकांनी त्याच्या नम्रतेचं कौतुक मलाच ऐकवलं. माझ्या अंगाची आग झाली. पुढच्या आवृत्तीत मी चार ओळी वाढवल्या. कॉम्प्युटर सुरू झाला, की माझी जुनी फाइल त्याच्या फाइलवर आपोआप परत बसेल. मी मनाशी म्हणालो, माझा प्रोग्राम स्वतःचं काम बिनचूक करतो. शेजारच्याचं मोडलं तर तो माझा दोष कसा?

त्याच मालकांच्या छापखान्यात एक रीत होती. गिऱ्हाइकानं प्रूफवर, म्हणजे तपासायच्या प्रतीवर, सही केली, की मजकुराकडे पुन्हा कुणी बघत नसे. तिथं माझी नवी आवृत्ती आणि मग त्याचा प्रोग्राम टाकला, त्याच संध्याकाळी इंदोरा वस्तीतल्या एका बौद्ध कुटुंबानं प्रूफ पाहिलं, सही केली. सकाळी कॉम्प्युटर सुरू झाला, माझ्या चार ओळी चालल्या, आणि छपाईची प्रत न बघताच निघाली. सगळ्या पत्रिकांवर बुद्धमूर्तीच्या जागी चौकोन, दोन्ही बाजूंच्या पिंपळपानांच्या जागीही चौकोन.

मुलीचे वडील गठ्ठा घेऊन आले तेव्हा मी तिथंच होतो.

"हे काय छापलं गा? प्रूफवर मूर्ती होती. आता लोकाइले काय दाखवू मी?"

मालकांनी माझ्या विद्यार्थ्याला बोलावून घेतलं आणि ते त्याच्यावर ओरडले. तो कॉम्प्युटरचा पडदा बघत राहिला, मग माझ्याकडे वळला. "सर, काल बरोबर होतं. आज काहून बिघडलं?"

मला माहीत होतं. मी म्हणालो, "तुझ्या प्रोग्राममध्ये बग आहे. आधी नीट तपासून मग लोकांना देत जा."

त्यानं आपली सीडी खिशात घातली आणि गेला. महिन्याभरात बाकीच्या छापखान्यांनीही त्याचा प्रोग्राम काढून टाकला. पुढे तो कुही गावातल्या एका शाळेत कॉम्प्युटर शिकवायला लागला, असं कळलं. मला बरं वाटलं, हेही लिहून ठेवतो.

गेल्या महिन्यात त्याच मालकांनी पुन्हा तो किस्सा काढला. मी म्हणालो, "तो दोष माझा होता. मी मुद्दाम केलं होतं."

ते हसले. "जाऊ द्या ना मास्तर! आता कोन वापरून राहिलं ते?"

खरं आहे, दोन्ही प्रोग्राम आता कुठंच नाहीत. त्याच्या नावाला चिकटलेला तो शब्द मात्र आहे, म्हणून हे लिहिलं. याची पहिली प्रत कुहीला पाठवतो आहे.

तू विचारलं होतंस, काहून बिघडलं. पहिल्यांदा बिघडलं तो माझ्या प्रोग्राममधला बग होता. दुसऱ्याचं मोडणारा प्रोग्राम सदोषच, त्याचं स्वतःचं काम कितीही बिनचूक असो. दुसऱ्यांदा मात्र तो बग नव्हता. ते मी होतो. त्या प्रूफवरचं पिंपळपान तू इतकं सुरेख काढलं होतंस, की आजही ते डोळ्यांसमोर आलं तर मला बघवत नाही.