जर्मनीहून आलेले दोन मेल

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. बायकोजवळही नाही. मॅडमच्या वाचण्यात आलं तर — या धास्तीनं आताही हात अडतो आहे. तरी लिहितो.

दोन हजार दोन-तीनचं साल असेल. हिंगणघाटला माझं सायबर कॅफे होतं. आधी कापसाच्या जिनिंगमध्ये गाठी उचलल्या, मग नागपुरात घासाघीस करून चार जुने कॉम्प्युटर आणले. जर्मन शिकवणाऱ्या एक मॅडम दर शनिवारी आठ मुलींना घेऊन यायच्या. जर्मन माणसं काय खातात, रविवार कसा घालवतात, हे मुली इंटरनेटवर शोधायच्या. तिकडच्या एका शाळेशी पत्रव्यवहारही चाले. लाइन फार हळू. म्हणून मेल सकाळीच उतरवून, छापून ठेवणं माझ्याकडे. पासवर्डही माझ्याकडेच.

एका शनिवारी धडा होता तिकडच्या बाजाराचा. मॅडम माझ्याकडे बघून हसत म्हणाल्या, "तिथे भाव ठरलेला. आपल्या भाऊंसारखी घासाघीस केली तर लोक बघतच राहतील."

"भाऊ तं तिकडं उपाशीच मरन," एक मुलगी म्हणाली. सगळ्या हसल्या.

एवढंच. काय होतं त्यात? — पण माझ्याच दुकानात, माझ्याच खुर्च्यांवर बसून! ज्या घासाघिशीवर मी उभा राहिलो, तिचंच हसं. तो राग अजून गेलेला नाही. खोटं कशाला सांगू?

मुलींनी आपल्या रविवाराबद्दल लिहून पाठवलं होतं — धुणं, सारवण, शेतातली चक्कर. "सोमवारी उत्तर येईल. ती माणसं शब्द पाळतात," मॅडमनी सांगून ठेवलं होतं. सोमवारीच आलं, फोटोंसकट. मी छापलं नाही. पुसून टाकलं.

"मेल आला का भाऊ?"

"नाई आला, मॅडम."

त्या रोज येता-जाता विचारायच्या आणि रोज मला एकच भीती — तिकडून फोन आला तर? कुणी खोदून विचारलं तर? एकदा तीच मुलगी हळूच म्हणाली, "मॅडम, आमचं वाचून हसले असतीन काय ते?" मी मान खाली घालून की-बोर्ड पुसत राहिलो.

पंधरा दिवसांनी दुसरा मेल आला, या वेळी इंग्रजीत. अडखळत वाचला. आमच्या पत्रातलं काही तुम्हाला लागलं का, असं ते विचारत होते. तेव्हा तरी सांगायचं होतं ना? पण मग पहिल्याचंही सांगावं लागलं असतं. तोही पुसला.

शनिवारच्या मुली कमी होत गेल्या. शेवटी दोघी उरल्या. मग मॅडमनी माझ्यासमोर बसून तिकडच्या शाळेतल्या बाईंना पत्र लिहिलं — आमच्या मुलींचं काही चुकलं असेल तर माफ करा. टायपिंग नेहमी मीच करायचो. कागद माझ्या हाती देत म्हणाल्या, "एवढं शेवटचं पाठवून द्या, भाऊ."

ते गेलं असतं तर उत्तर आलं असतं — मेलनं नाही तर फोनवर — आणि आधीचे दोन मेलही उघडे पडले असते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं. पाठवलं, म्हणालो. कागद मी केव्हाच फाडला होता.