नळीवाल्यांचा सकाळचा ठोका

मांडीत नळी बसवली तेव्हा पाय वाचला, एवढाच आनंद होता. नळीबरोबर किस्सेही साठत जातील, हे कोणी सांगितलं नव्हतं. आता कोणी 'पाय कसाय?' म्हणून विचारलं, की माझ्या तोंडून एक निघतो आणि मागोमाग दुसरा. हसून सांगतो खरा, पण प्रत्येक वेळी माझी पाचावर धारण बसली होती.

आम्ही तिघं. मी वडवणीचा, भांड्यांचं दुकान. तलवाड्याकडचे सखातात्या, मेंढरंवाले. आणि पाटोद्याच्या सुमनकाकू, रिटायर्ड हेडमास्तर असलेल्या गुरुजींच्या पत्नी. तिघांच्याही पायाची रक्तवाहिनी बुजली होती. माझी आणि तात्यांची तंबाखूनं, काकूंची शुगरनं. संभाजीनगरला एकाच आठवड्यात, एकाच वॉर्डात तिघांना कृत्रिम नळी टाकली. जांघेपासून गुडघ्यापर्यंत, बुजलेल्या रस्त्याला बायपास!

सुट्टी देताना डॉक्टरांनी पावलावर, जिथं नाडीचा ठोका लागतो तिथं, पेनानं फुली मारली. "रोज सकाळी इथं बोटं ठेवायची. ठोका लागला तर मजेत राहा. ठोका गेला, पाय गार पडला, तर चहा प्यायलाही थांबू नका. चार-सहा तासांत इथं या. उशीर झाला तर पाय कापावा लागेल."

मी पडलो दुकानदार. विचारलं, "साहेब, नळीची गॅरंटी किती?"

डॉक्टरांनी माझ्या खिशातल्या तंबाखूच्या पुडीकडे बघितलं. "आधी तुमची सांगा!"

पुडी तिथंच कचऱ्याच्या डब्यात टाकली. 

*

मला वाकता येत नव्हतं, म्हणून ठोका बघायचं काम मंगलनं, माझ्या बायकोनं घेतलं. रोज सकाळी पायाशी बसायची, फुलीवर अंगठा दाबायची आणि म्हणायची, "लई जोरात लागतोय हो!" मी खूश. शेजारच्या बायका लांबून बघायच्या आणि आपल्या सुनांना सांगायच्या, "बघा, रोज नवऱ्याच्या पाया पडती!"

पंधरा दिवसांनी तपासणीला गेलो. सिस्टर म्हणाल्या, "कसा बघता, दाखवा." मंगलनं अंगठा ठेवला.

"अहो, अंगठ्यानं नाही! अंगठ्याला स्वतःचाच ठोका असतो! बोटांनी बघायचं!"

म्हणजे पंधरा दिवस ही स्वतःचा ठोका मोजून मला सांगत होती!  सिस्टरांनी बोटं ठेवली, घड्याळात बघितलं, मग म्हणाल्या, "आहे." तेवढा वेळ मी अजून विसरलेलो नाही.

परत येताना गेवराई मागं पडली. मंगल हळूच म्हणाली, "पण चांगला होता की माझा ठोका."

*

तात्यांचं भ्यायचं कारण वेगळं. शेतातला प्लास्टिकचा पाईप उन्हात तडकतो, हे त्यांनी जन्मभर बघितलेलं. त्यामुळं सगळा उन्हाळा हा माणूस मांडीला ओलं फडकं गुंडाळून मेंढरांमागं हिंडला.

डॉक्टरांनी विचारलं, "हे काय?"

"पाईप हाय ना सायेब आत. तडकला मंजी?"

डॉक्टरांनी समजावलं की हे प्लास्टिक तसलं नाही, शरीरातच राहायला बनवलंय. तात्यांनी मान डोलावली. बाहेर व्हरांड्यात आले आणि बाटलीतलं पाणी फडक्यावर ओतलं!

पण कहर केला तो फुलीनं. पेनाची फुली आंघोळीनं पुसट व्हायला लागली. तात्या यात्रेत गेले आणि गोंदवणारीसमोर पाय पसरून फुली कायमची गोंदवून आले. डॉक्टर तेव्हा पहिल्यांदा ओरडले. "तात्या, या पायाला काटासुद्धा टोचू देऊ नका म्हणालो होतो! जखम भरली नाही तर काय करणार?"

"मंग काय करू सायेब? फुली पुसली आन् ठोका घावलाच न्हाई, तर?"

महिनाभर आम्ही सगळे त्या फुलीच्या काळजीनं जीव मुठीत धरून होतो. चिघळली नाही, म्हणून आज हसतोय.

*

गुरुजींनी आमचा व्हॉट्सॲप ग्रुप काढला. नियम त्यांचाच, शाळेचा! सकाळी आठच्या आत प्रत्येकाचं 'ठोका लागला' आलंच पाहिजे. काकूंचं गुरुजी टाकायचे.

एकदा तात्यांचा मेसेज आला नाही. नऊ वाजले, दहा वाजले. फोन बंद.  गुरुजींनी तात्यांच्या सुनेला फोन केला. ती बिचारी हातातलं काम टाकून माळावर पळत गेली. तात्या लिंबाखाली निवांत बसलेले. तिच्या फोनवरून आम्हाला उत्तर आलं, "ठोका हाय, चार्जिंग न्हाई! कशापायी पोरीला पळवता?"

*

आता काकूंचं सांगतो.

अख्खं पाटोदा गुरुजींच्या पाया पडतं. आणि गुरुजींना रोज सकाळी बायकोच्या पायाला हात लावायचा! ते आधी दाराला कडी लावायचे, मग बसायचे. काकूंनीच हे हसत हसत मंगलला सांगितलं होतं.

पाटोद्यात एका लग्नाला आम्ही सगळे होतो. भर दुपार, मांडवात जेवणं चाललेली. काकू खुर्चीवर बसल्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "अहो, पोटरी लई ठणकतीय. पाय बघा ना."

गुरुजींनी इकडंतिकडं बघितलं. चारी बाजूंना त्यांचे विद्यार्थी. "घरी गेल्यावर बघू."

काकूंनी पोटरी हातानं दाबून धरली. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाल्या, "बघा ना हो." चेहरा पांढराफटक पडला होता. मंगल उठली, पण गुरुजींनी तिला हातानं थांबवलं. ते खुर्चीपुढं जमिनीवर बसले आणि बोटं ठेवली. जागा बदलली, पुन्हा ठेवली. शेवटी त्यांनी वाकून काकूंच्या पावलाला आपला गाल लावला.

"गार आहे," ते म्हणाले.

मांडवातली जेवणं थांबली. एका जुन्या विद्यार्थ्याला काय वाटलं कोण जाणे, तो पुढं येऊन काकूंच्या पाया पडला. त्याच्यामागं दुसरा, मग बायका. रांगच लागली! गुरुजी बोटं न हलवता तसेच बसलेले. मी ओरडलो, "अरे, पाया काय पडताय! उचला त्यांना!"

खुर्चीसकट उचलून गाडीपाशी नेलं, मागं बसवलं. मी गाडी हाणली. रस्त्यात उसाच्या ट्रॉल्या एकामागं एक. मागच्या सीटवर काकूंचा पाय गुरुजींच्या मांडीवर आणि त्यावर त्यांची तीन बोटं. बीड गेलं, गेवराई गेली. काकू आधी कण्हत होत्या. मग म्हणाल्या, "आता दुखायचं थांबलं." मंगल म्हणाली, "बरं झालं बाई." मी गाडीचा वेग वाढवला. दुखायचं थांबणं चांगलं नसतं, पाय मरायला लागला की तसं होतं, हे डॉक्टरांनी मला वॉर्डात सांगितलं होतं. आरशात गुरुजींचा चेहरा बघितला. त्यांनाही ते माहीत होतं.

मंगलनं वाटेतूनच फोन केला होता, दवाखान्याच्या दारात डॉक्टर उभेच होते. पाय बघितला आणि नर्सला एवढंच म्हणाले, "सरळ ऑपरेशनला." स्ट्रेचर निघालं. गुरुजी बाजूनं चालत होते, बोटं पावलावरच. ऑपरेशन थिएटरच्या दाराशी सगळे थांबले.

डॉक्टर म्हणाले, "गुरुजी, हात काढा आता. उशीर होतोय."

"एकदा ठोका लागू द्या," गुरुजी म्हणाले, "मग काढतो."