पहिलीच्या वर्गासाठी कौल

आमच्या मुलखात तेव्हा एखाद्याला वेडं म्हणायचं असेल तर वेडं म्हणत नसत. ‘तेका रत्नागिरीक धाडूक व्हयो’ एवढं म्हटलं की झालं. वेड्यांचं इस्पितळ तिथे, तेव्हा समजायचं ते समोरचा समजे. मीही कितीदा हे थट्टेत म्हटलं असेल. वर्गात एखादं पोर उगाच हसत सुटलं की म्हणायची, काय रे, रत्नागिरीची गाडी थांबवू का? मग मीच त्या गाडीत बसले.

मी प्राथमिक शाळेत बाई होते. कट्टा या गावी एस.टी.तून उतरायचं आणि तिथून आत चालत जायचं, असं आमचं गाव. सातवीची फायनल पास झालेली आणि लग्नानंतरही नोकरी करणारी त्या भागातली बहुतेक मी एकटीच. पहिलीचा वर्ग कायम माझ्याकडे, कारण रडकी पोरं मास्तरांना आवरत नसत. मी आवरायची. माझा आवाज असा की तिकडे नदीवर धुणं धुणाऱ्या बायका म्हणायच्या, आज बाईंचं कोणीतरी डोकं खाल्लंन वाटतं. मी चिडायची, ओरडायची, आणि लगेच त्याच पोराचं नाक पदराने पुसायची. पोरांना ते ठाऊक होतं. आयाही कौतुकाने सांगत, आमच्या पोराने आज बाईंची बोलणी खाल्ली म्हणून.

मला एक मुलगी होती, आणि पाच वर्षांनी मुलगा झाला. बारसं व्हायच्या आतच गेला. आमचे हे मुंबईला गोदीत नोकरीला, ते बोटीने येईपर्यंत सगळं उरकलेलं होतं. चार दिवस राहून ते परत गेले. मी शाळेत गेले. घरात बसून काय करायचं होतं? छातीतलं दूध आटलं नव्हतं. वर्गात कोणाचं पोर रडलं की चोळी भिजायची आणि मी फळ्याकडे तोंड करून उभी राहायची. बाळंतिणीची रजा अजून होती, पण घरातला तो रिकामा पाळणा बघवत नव्हता म्हणून मीच लवकर रुजू झाले होते. शहाणी ना मी मोठी!

दिवाळीनंतर एक दिवस पोरं पाढे म्हणत होती आणि मी खिडकीपाशी गेले ती तिथेच राहिले. पाढे संपले, पोरं वाट बघून गप्प झाली. शाळा सुटली, ती घरी गेली. मी तिथेच. मला कळत होतं सगळं, पण पाय हलत नव्हता आणि जीभ उचलत नव्हती. हेडमास्तर कुलूप लावायला आले तेव्हा त्यांनी मला हाताला धरून बाहेर आणलं. घरी येऊन मी पडले ती उठलेच नाही. जेवण नाही, वेणी नाही, आंघोळ नाही. मुलगी येऊन अंगावर हात टाकी, तर मी तो हात बाजूला करी. का करी, ते मला तेव्हाही सांगता आलं नसतं. हेडमास्तर पडवीत येऊन सासूबाईंना म्हणाले, “बाईंना रजेवर राहू द्या, वरचं मी बघतो.” भला माणूस. पुढे जे झालं त्यानंतरही मी त्यांना भलाच म्हणते.

आधी गावातले उपाय झाले. ते मी सांगत बसत नाही, आठवलं की अजून पित्त खवळतं. मग कसालच्या डॉक्टरांनी तपासलं आणि चिठ्ठी दिली. हे पुन्हा मुंबईहून आले आणि कसालला हमरस्त्यावर आम्ही रत्नागिरीची गाडी धरली. गाडीत चारचौघांदेखत त्यांनी माझा हात धरून ठेवला होता. लग्नानंतर पहिल्यांदाच. लोक बघत होते. बघोत मेले, असं मनात आलं, आणि किती महिन्यांनी मनात काहीतरी आलं म्हणून मला रडू फुटलं.

तिथल्या इस्पितळात उपचार झाले. त्यातलं सगळं मला आठवत नाही, आणि आठवतं तेही मी कोणाला सांगितलेलं नाही. पण माणसं वाईट नव्हती. उन्हाळ्यात डॉक्टर म्हणाले, “बाई, टायफॉइडमधून माणूस उठतं तशा तुम्ही उठला आहात. आता शाळा सुरू करा. काम सोडू नका.” तसा दाखलाही दिला. मी तो घडी करून ब्लाउजमध्ये ठेवला आणि परत आले. जीव सगळा शाळेकडे लागलेला, कारण जूनमध्ये माझी मुलगी पहिलीत जाणार होती. घरी तर ती माझ्यापाशी येईनाशी झाली होती. मी आल्या दिवशी ती आजीच्या लुगड्याआड लपली, ती रोजच लपायला लागली. रात्री आजीच्या कुशीत निजायची. मला वाटायचं, वर्गात तरी येईल. वर्गात तिला यावंच लागेल. समोर बसेल, पाटी दाखवेल, बाई म्हणेल. आई न म्हणेना का, बाई तर म्हणेल! पोटच्या पोरीसाठी मी एवढ्यावर आले होते.

शाळा उघडली. मी सकाळीच जाऊन उभी राहिले. हेडमास्तरांनी चहा मागवला, तब्येत विचारली आणि म्हणाले, “थोडे दिवस ऑफिसातलं काम बघा. नकाशे फाटलेत, ते चिकटवून घ्या.” पहिली दुसऱ्या मास्तरांना दिली होती. मी खळ कालवून हिंदुस्थान चिकटवत बसले. मध्ये नुसता काठ्यामातीचा कूड होता. पलीकडून पोरांचा गलका यायचा आणि त्यात माझ्या लेकीचा आवाज मला वेगळा ओळखू यायचा. मास्तर विचारायचे, ती उत्तर द्यायची. घरी माझ्याशी दोन शब्द बोलत नव्हती ती.

आठवडाभर मी तोंडाला कुलूप लावलं. मग उठले आणि हेडमास्तरांच्या टेबलावर दाखला आपटला. “ह्यात काय लिहिलंय? मी बरी आहे असं लिहिलंय ना? मग?”

“बाई, वरून काहीच अडचण नाही,” ते म्हणाले. “गाव ऐकत नाही. तुम्ही वर्गावर आलात तर पोरं काढून घेऊ म्हणतात.”

गावकऱ्यांतला एक वडीलधारा तिथे बसलेलाच होता. तो अगदी नरमाईने म्हणाला, “बाई, आमचो तुमच्यार राग नाय. पण पोरां ल्हान आसत. देवाक कौल लावया. देव होय म्हणालो तर आमी नाय म्हणणारे कोण?”

अंगाचा नुसता तिळपापड झाला. मी हेडमास्तरांकडे बघितलं. सातवीला शास्त्र शिकवणारा हा माणूस, ग्रहण म्हणजे काय ते कंदील आणि चेंडू घेऊन समजावणारा. तो खाली मान घालून म्हणाला, “विचारून टाकू या बाई. तुमच्याच सोयीचं आहे.” आता माझं डोकं तपासायला देव डॉक्टर! नाही म्हटलं असतं तर नकाशे चिकटवत म्हातारी झाले असते. कुडापलीकडे माझी पोर होती. मी म्हटलं, लावा कौल.

सोमवारी देवळात सगळा गाव जमला. मी पुढे, बाजूला सासूबाई. गुरवाने देवाला आंघोळ घालून पाषाणावर दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या लावल्या. उजवीकडची आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. मग त्याने गाऱ्हाणं सुरू केलं.

“बा देवा म्हाराजा, ह्या तुझा लेकरू तुझ्या पायाकडे इला आसा.”

“होय म्हाराजा!” सगळा गाव.

“तेच्या डोक्यात जा काय भरलेला होता, ता गेला आसात, तर उजवो कौल दी.”

“होय म्हाराजा!”

“आनी अजून आसात, तर डावो दी.”

“होय म्हाराजा!” तेही तेवढ्याच जोरात.

पाकळ्या हलेनात. कोणी खाकरलं, कोणाचं पोर रडलं, त्याला बाहेर नेलं. मी हात जोडून उभी. देवाला काही मागावं असं मनात येत नव्हतं, नुसता राग येत होता आणि तो तोंडावर दिसू नये म्हणून मी दात आवळून होते. रागावलेली दिसले तर म्हणतील, बघा, अजून आहे. रडले तरी तेच. हसले तर मग विचारायलाच नको. डावी पाकळी किंचित सरकली.

आणि सासूबाई ओरडल्या. उभ्या जन्मात चारचौघांत ज्यांनी तोंड उघडलं नाही त्या, थेट देवावर!

“म्हाराजा! माझी सून खुळी नाय! पोटचो झिल गेलो म्हणान रडली ती. माझे पण गेले, मी चुलीकडे बसान रडलंय, माका कोणी रत्नागिरीक धाडूक नाय! किती वाट बघूक लावतस? दी कौल!”

गुरवसुद्धा दचकला. आणि उजवी पाकळी पडली.

“होय म्हाराजा!”

सासूबाईंनी मला छातीशी धरलं. मी त्या घरात आल्यापासून त्यांनी मला कधी असं जवळ घेतलं नव्हतं. मी त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून हमसून हमसून रडले, आणि त्या माझ्या पाठीवर हात फिरवत म्हणत होत्या, “झाला गो बाये, झाला.” मला वाटलं, सुटले. सगळ्यातून सुटले.

मंगळवारी मी वर्गावर गेले. पोरं सगळी आली होती, एकही गैरहजर नव्हतं. पण काय ती शांतता! पहिलीच्या वर्गात अशी शांतता मी कधी ऐकली नव्हती. हाताची घडी घालून सगळी माझ्या तोंडाकडे बघत होती. हजेरी घेता घेता मला पुढच्या रांगेतल्या एका पोराच्या गळ्यात काळा दोरा दिसला, कोराकरकरीत, खाली ताईत. मग शेजारच्याच्या. मग मी सगळ्यांच्या गळ्यांकडेच बघायला लागले. एकूण एक पोराच्या गळ्यात होता. देवाने होय म्हटलं होतं, म्हणून पोरं पाठवली होती, आणि पाठवताना आयांनी दोरे बांधले होते.

आधी मला हसूच आलं. म्हटलं, बांधा मेल्यांनो, बैलाची दावी बांधा हवी तर! ते मी गिळलं. पाटीवर गमभन काढायला सांगितलं आणि रांगांमधून फिरत माझ्या लेकीपाशी गेले. ती तिसऱ्या रांगेत होती. सकाळी तिची वेणी आजीनेच घातली होती. तिचा भ काही केल्या वळत नव्हता. हात धरून वळवून द्यायला मी खाली वाकले, तर तिने मान आक्रसली आणि फ्रॉकच्या गळ्यातून दोरा बाहेर आला.

“कोणी बांधल्यान गो?” मी हळूच विचारलं.

“आजयेन.”

“कित्या?”

ती पाटीकडेच बघत म्हणाली, “आजयेन सांगल्यान, घराकडे मी आसंय. शाळेत तुका कोण संबाळतला?”

मला ओरडायचं होतं. नदीवर ऐकू जाईल असं ओरडायचं होतं. पण वर्गभर डोळे माझ्यावर खिळले होते, आणि बाईंनी आता आवाज चढवून चालणार नव्हतं. मी तिचा हात धरला. मी भ वळवून दिला आणि म्हटलं, “असा. आता तू काढ.”

“होय, बाई,” ती म्हणाली.