सॅमची हळू गाणी

कुणाच्या घरी रद्दी साठते, कुणाच्या घरी पाहुणे. आमच्या नगरच्या ऑर्केस्ट्रात सॅमच्या तक्रारी साठायच्या! मी मॅनेजर, अ‍ॅकॉर्डियनवाला आणि शिव्या खाणारा, तिन्ही एकच. एकाहत्तर-बाहत्तरची गोष्ट. अजूनही लोक म्हणतात, "बापू, सॅमचा एखादा किस्सा होऊन जाऊ द्या." सांगतो. पण सांगताना माझं डोकं फिरलं तर मला बोल लावू नका.

सॅम दिवसा दवाखान्यात कंपाउंडर, संध्याकाळी आमचा नकलाकार. कोंबडा, कंडक्टर, तलाठी, सगळे हुबेहूब! तेवढंच केलं असतं तर मी त्याला रोज ओवाळलं असतं. पण नाही. त्याच्याकडे एक युकुलेले होतं. चार तारांची, गिटारच्या पिल्लाएवढी वस्तू. आणि वेड कसलं? तर वडिलांच्या तरुणपणच्या गाण्यांचं. माईकला ओठ लावून कुजबुजत म्हणायची ती. इंग्रजी असो नाहीतर हिंदी, चाल गोगलगायीची.

"अरे, जरा आवाज चढव की!" मी ओरडायचो.

"बापू, ही गाणी ओरडायची नसतात. माईकच्या कानात सांगायची असतात."

आणि पब्लिकच्या कानांचं काय? ते विचारायची सोय नव्हती.

*

केडगावची वरात. बँडवाले चहाला थांबले, म्हणून मी सॅमला हातगाडीवर चढवलं. "पाच मिनिटं काहीतरी उडतं वाजव," म्हटलं. पठ्ठ्यानं डोळे मिटून कुजबुज सुरू केली! नाचणारी पोरं थांबली. घोडा थांबला. नवरदेव मुंडावळ्या बाजूला सारून बघायला लागला.

त्याचा मामा धावत आला. "अहो मास्तर, ही वरात हाय का मयत?"

"मामा, प्रेमाचं गाणं आहे."

"प्रेम त्यो घरी जाऊन करंल, तुमी आधी घोडा हलवा!"

*

आमच्याकडे फर्माईश चिठ्ठीवर यायची. पब्लिक चिठ्ठी लिहून पुढं सरकवणार, सॅम वाचणार, आम्ही वाजवणार. नेवाशाला चिठ्ठ्यांचा ढीग पडला, सगळ्या नाचाच्या गाण्यांच्या. सॅमनं त्यातून एकच उचलली. "रसिकांच्या आग्रहास्तव," म्हणाला आणि सात मिनिटं कुजबुजला. लोक उठून भेळ खायला गेले.

मी चिठ्ठी हिसकावून बघितली. "सॅम, हे अक्षर तुझंच आहे!"

"मग? मी पण रसिकच आहे की!"

कपाळ माझं!

*

एका जत्रेत याला तंबोरा हवा होता. कुठून आणू? यानं जनरेटरच्या घरघरीवर युकुलेले लावलं. अर्ध्या गाण्यात घरघर बदलली, तर गाणं थांबवून भर स्टेजवरून ओरडला, "अहो, बेसूर झालात!"

जनरेटरवाला शांतपणे म्हणाला, "मशीन हाय ते, सायेब. रियाज न्हाई केला."

*

मग आलं ते कोरडं साल. पाऊस नाही, लग्नं पुढं ढकललेली, गणपतीची बुकिंगं रद्द. ड्रमर पुण्याला निघायच्या बेतात. ऑर्केस्ट्रा मोडणार, हे मला दिसत होतं. तेवढ्यात श्रीगोंद्याकडच्या एका साखर कारखान्याचं बोलावणं आलं. सेक्रेटरी म्हणाले, "हंगामाच्या पूजेचा कार्यक्रम जमला, तर वर्षाचे सगळे कार्यक्रम तुम्हाला. नाहीतर दुसरी पार्टी बघतो."

मी सॅमला बजावलं, "आज फक्त नकला. गाणं म्हटलंस तर ऑर्केस्ट्रातून कायमचा बाहेर!"

"बरं बापू."

दुपारचं ऊन. मांडवात पुढं ऊसतोडीची माणसं बसलेली, लेकराबाळांसकट. दोन दिवसांचा प्रवास करून आली होती बिचारी. ड्रमरनं पहिला ठोका हाणला आणि एक तान्हं पोर किंचाळलं. मग दुसरं. मग सगळीच! आमचा गायक आवाज चढवतोय, पोरं त्याच्या वर. सॅमनं कोंबडा काढला तर ती जास्तच घाबरली. चेअरमन साहेबांनी कानात बोटं घातली. मी अ‍ॅकॉर्डियन मिटलं. संपलं सगळं. मला तर रडूच यायला लागलं.

आणि सॅमनं युकुलेले काढलं! मी डोळे वटारले, दात-ओठ खाल्ले. त्यानं बघितलंच नाही. माईकपाशी तोंड नेलं आणि झालं सुरू.

एक पोर गप्प झालं. दुसरं पेंगलं. हळूहळू सगळा मांडव निवला. आया गाठोड्यांवर कलंडल्या, बाप्ये आडवे झाले, चेअरमन साहेबांची हनुवटी छातीला टेकली. गाणं संपलं, सवयीनं ड्रमरनं काठी उचलली, तर पुढची बाई दबक्या आवाजात म्हणाली, "ए बाबा, वाजवून तर बघ!"

पब्लिक घोरतंय. असला कार्यक्रम जन्मात झाला नव्हता. मी सॅमची गचांडी धरायला निघालो, तेवढ्यात सेक्रेटरी चपला हातात घेऊन, चवड्यावर चालत माझ्याजवळ आले.

"ठरलं," ते कुजबुजले. "वर्षाचे सगळे कार्यक्रम तुमचे."

माझा विश्वासच बसेना. "सगळे?"

"सगळे. फक्त येताना ती बाकीची वाद्यं आणू नका!"